शेवटची चार अक्षरं

दादा : तेच टाकलं गं! अक्षर न् अक्षर तेच टाकलं, तरी म्हणतंय, चूक!

भिंगरी : ओरडू नकोस. फोन कानाला लावलाय मी, गच्चीवर नाही ठेवलेला.

दादा : ओरडू नको तर काय करू? लोक पायऱ्यांवर जमायला लागलेत, आणि सिनेमा अडकलाय मशीनच्या पोटात!

(वरच्या मजल्यावरची स्टुडिओची खोली. दादा कॉम्प्युटरपुढे, आई खिडकीपाशी. समोरच चित्रपटगृह, त्याच्या दारात गर्दी. धाकटी बहीण, भिंगरी, फोनवर. फोन टेबलावर ठेवलाय आणि आवाज मोठा केलाय, कारण आईला सगळं ऐकायचं असतं.)

भिंगरी : आधी नीट सांग काय झालंय. मी फोन उचलते ना उचलते तोच 'पासवर्ड दे' म्हणालास. मी म्हटलं, जाताना दारात जे वाक्य म्हटलं तेच. की लागलास बडवायला. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही.

आई : कशी आहेस गं?

भिंगरी : मजेत आहे, आई. तू पण तिथेच का?

आई : मग कुठे असणार? माझा पहिला सिनेमा आहे. नवी साडी नेसून सकाळपासून याच्या येरझाऱ्या बघतेय.

दादा : आई, जरा थांब. हे बघ, आपलं मशीन जिथे ठेवलंय त्या सर्व्हरघरातली वीज सकाळी गेली आणि आली. बाकीच्यांची मशीनं उठली, आपलं उठलं नाही. म्हणजे दिवे लागलेत, पंखे घोंघावतायत, जिवंत आहे. पण हाक मारली की ओ देत नाही!

भिंगरी : तिथल्या माणसाला सांग ना, पडदा जोडून बघ म्हणावं.

दादा : म्हणतो, अर्ज द्या, उद्या माणूस पाठवतो. फार तर तार उपसून परत खोचतो. खोचली. पुन्हा तेच.

भिंगरी : आणि हॉलवाल्यांना दिलेली प्रत?

आई : ती मुकी आहे.

भिंगरी : मुकी?

दादा : आवाज कालच बसवले ना. पक्की प्रत फक्त सर्व्हरवर आहे. हॉलमधल्या प्रतीत नुसती चित्रं.

आई : म्हातारी गोगलगाय नुसतंच तोंड हलवते. पानाखालून येते, डोळे वर काढते, तोंड हलवते आणि जाते. एवढा घसा बसेपर्यंत बोलून घेतलं माझ्याकडून, आणि आता लोकांना वाटेल गोगलगाय काहीतरी चघळतेय.

भिंगरी : खेळ पुढे ढकलता येत नाही?

दादा : आपल्यानंतर हॉल दुसऱ्या कोणाला दिलाय. आणि ढकलायचा कुठे? या हॉलसाठी किती जणांच्या पायऱ्या झिजवल्यात ते तुला माहीतच आहे. सगळे आलेत गं. ढग रंगवणारा आलाय, पावलांचे आवाज करणारी आलीय, तिचं सगळं घर आलंय. आज मुका सिनेमा दाखवला तर पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही आपल्याला.

भिंगरी : आपल्याला?

दादा : ...मला.

आई : एक विचारू का? मशीन जर ओ देत नाही, तर हा पासवर्ड टाकतोय कुठे?

भिंगरी : मागच्या दाराला, आई. त्या मोठ्या मशीनच्या आत एक छोटं मशीन असतं. मोठं झोपलं, आजारी पडलं, काहीही झालं, तरी छोटं जागंच. त्याची तार वेगळी, त्याची खाती वेगळी, पासवर्ड वेगळे. त्याच्याकडे गेलं की मोठ्याच्या पडद्यावर काय चाललंय ते दिसतं, लांबून कळ दाबता येते, बंद-चालू करता येतं.

आई : म्हणजे घरातली आईच की ती.

भिंगरी : हो, जवळजवळ.

दादा : आणि त्या आईपाशी माझी काही किंमत नाही! माझ्या खात्यातून जातोय तर नुसतं दाखवतंय, तापमान ठीक, वीज ठीक. पडदा उघडू देत नाही, कळ दाबू देत नाही. बघ्या करून ठेवलंयस मला.

भिंगरी : ते खातंच तसलं आहे. बघायचं, हात लावायचा नाही. का दिलं ते सांगू आईला?

दादा : काही गरज नाही.

भिंगरी : खोलीतला दिवा घालवतोय समजून याने पडद्यावरचं बटण दाबलं, आणि तीन दिवस चाललेलं काम मशीनसकट झोपवलं.

दादा : त्यावर दिव्यासारखं चित्र होतं!

आई : बरोबर केलंस. लहानपणी मिक्सरचं झाकण न लावता चालू करायचा हा.

दादा : आई!

भिंगरी : बरं. सगळे अधिकार फक्त माझ्या खात्याला आहेत, आणि पासवर्ड मी तुला सांगितलाय. आता मला सांग, टाईप काय केलंस?

दादा : तेच. ते वाक्य.

भिंगरी : म्हणून दाखव.

दादा : तुला माहितीये ना.

भिंगरी : तू काय टाकलंस ते मला ऐकायचंय.

आई : कुठलं वाक्य? मला कोणी काही सांगत नाही.

दादा : ...'इथे मी परत येणार नाही.'

आई : अगं बाई.

भिंगरी : इंग्रजी अक्षरांत, सगळी बारीक, मध्ये जागा न सोडता. पहिल्यांदा कसं लिहिलंस?

दादा : येणारमध्ये दोन ए घातले. 'यार' लिहिताना घालतो तसे.

भिंगरी : दोन कुठून आले? मी आयुष्यात कधी दोन ए घातलेत?

दादा : मला काय ठाऊक तू मराठी इंग्रजीत कशी लिहितेस! प्रत्येकाचं आपापलं असतं. मग दुसऱ्यांदा एकच घातला. इथेला आय, येणारला एक ए, नाहीला एक ए. तू मला नेहमी निरोप पाठवायचीस ना, ते सगळे काढून बघितले, आणि तू लिहितेस तस्संच लिहिलं.

भिंगरी : मग लागायला हवा.

दादा : नाही लागला! आणि आता खाली लाल अक्षरांत आलंय, एकच प्रयत्न शिल्लक म्हणून.

भिंगरी : थांब! हात काढ कीबोर्डवरून. काढलास?

आई : काढलाय. डोक्याला लावलाय.

भिंगरी : तिसरी चूक झाली की खातं तासभर गोठतं. मीच घालून ठेवलंय ते. चोरासाठी होतं.

दादा : सापडला चोर! खरं सांगशील? रागावू नकोस. तू मुद्दाम तर दुसरा काही ठेवला नाहीस ना?

भिंगरी : काय म्हणालास?

दादा : म्हणजे, तेव्हा तू चिडली होतीस...

भिंगरी : चिडले होते. अजूनही आहे. पण मशीन अडवून ठेवणारी बाई वाटले मी तुला? तुझ्या हातात चावी देऊन गेले, दादा. जाता जाता तेच वाक्य तोंडाने म्हणून गेले, आज विचारल्याबरोबर सांगितलंही. असं करायचं असतं तर एक शब्द बोलले नसते.

दादा : बरं, चुकलं.

भिंगरी : कितवं?

आई : अगं, तुझ्या मागे गलका किती आहे! आहेस तरी कुठे?

भिंगरी : मंडईत. भाजी घेतेय.

आई : तू? भाजी? कुठली?

भिंगरी : हिरवी.

आई : हिरवी. बरं.

दादा : भाजी राहू दे! पहिली घंटा व्हायची वेळ झाली!

भिंगरी : पहिली झाली. दुसरी व्हायच्या आत...

दादा : झाली? हां, आत्ता ऐकू आली. मेलो!

भिंगरी : गप्प बस, मला आठवू दे. त्या दिवशी काय काय केलं मी. पाहुणे गेले. तुमचं सगळ्यांचं हसणं चाललं होतं. मी आत आले...

आई : कसलं हसणं?

दादा : आई, नंतर.

भिंगरी : नंतर का? ऐकू दे तिला. आई, सिनेमा बघायला पाहुणे आले होते. याने सगळ्यांची ओळख करून दिली. हा ढग रंगवतो, ही पावलांचे आवाज करते, तो गोगलगाय हलवतो. एकेकाचं कौतुक. माझ्यापाशी आला आणि म्हणाला, 'ही आमचे पासवर्ड सांभाळते.' आणि हसला. हा हसला म्हणून पाहुणेही हसले.

आई : असं म्हणालास?

दादा : गंमत केली होती...

भिंगरी : सिनेमातलं पान न् पान त्या मशीनने रंगवून दिलं, आणि ते मशीन मी उभं केलं. कोणाला काय उघडता येईल, कोणाच्या हातून काय पुसलं जाईल, कोण गेलं की त्याचं खातं बंद, सगळं डोळ्यांत तेल घालून बघितलं. तुझा एक ढग कधी हरवला नाही. का हरवला नाही, हे तुला कधी विचारावंसंही वाटलं नाही.

दादा : सकाळपासून वाटतंय गं. पासवर्ड सांभाळणं म्हणजे काय ते सकाळपासून कळतंय मला. मी मूर्खासारखा बोललो. तुझ्या पाठीमागे शंभरदा स्वतःला शिव्या घातल्यात, पण फोन करायचं धाडस होत नव्हतं. आज मशीन बिघडलं म्हणून केला, हेही खरंच आहे.

आई : आता कुठे एक वाक्य धड बोललास.

भिंगरी : ...ठीक आहे. तर मी आत आले आणि माझा जुना पासवर्ड काढून हा ठेवला. रागात होते. पानावर जाऊन, खिडकी उघडून, रकान्यात लिहीत बसायला धीर नव्हता. काळ्या पडद्यावर सरळ हुकूमच टाईप केला. हे खातं, हा पासवर्ड, एंटर. आणि दार आपटून...

दादा : आणि?

भिंगरी : अरे देवा.

दादा : काय? काय अरे देवा?

भिंगरी : आकडा नाही घातला मी.

दादा : कसला आकडा?

भिंगरी : त्या हुकुमात शेवटी आकडा घालायचा असतो. पासवर्ड सोळा अक्षरांपर्यंतचा की विसापर्यंतचा. नाही घातला तर मशीन आपलं सोळा धरून चालतं. आणि त्यापुढची अक्षरं गुपचूप टाकून देतं. एका शब्दाने बोलत नाही!

आई : असं कसं टाकून देतं?

भिंगरी : जुनी खोड आहे त्याची, आई. आणि मला ठाऊक होती! मी दुसऱ्यांना शिकवलंय हे! ठेवला की लगेच एकदा उघडून बघायचा, हे मीच सगळ्यांना घसा कोरडा करून सांगायचे, आणि स्वतःच बघितला नाही. दादा, मोज. वाक्य मोज!

दादा : थांब, कागद...

आई : कागद कशाला, बोटं आहेत. बोल तू.

भिंगरी : आय, टी, एच, ई.

आई : चार.

भिंगरी : एम, आय.

आई : सहा.

भिंगरी : पी, ए, आर, ए, टी.

आई : अकरा.

भिंगरी : वाय, ई, एन, ए, आर.

आई : सोळा. भरली.

दादा : म्हणजे 'नाही' बाहेर पडला!

भिंगरी : शेवटची चार अक्षरं. त्याने ती घेतलीच नाहीत.

आई : मग आत काय राहिलं?

दादा : 'इथे मी परत येणार.'

आई : ...काय गुणाचं मशीन आहे गं.

भिंगरी : ध चा मा केला मेल्याने!

दादा : मी हसू की रडू?

भिंगरी : टाईप कर! पण सावकाश. एकच संधी आहे. यात चुकलास तर तासभर कोणी काही करू शकणार नाही, मीसुद्धा नाही.

दादा : तूच टाक ना तिथून.

भिंगरी : बाहेरून येतच नाही. मागचं दार मी फक्त त्या खोलीतल्या कॉम्प्युटरसाठी उघडं ठेवलंय. चल. मी म्हणते, तू दाब. आय.

दादा : आय.

भिंगरी : टी. एच. ई.

दादा : टी. एच. ई.

आई : मोठी अक्षरं तर चालू नाहीत ना? तो हिरवा दिवा लागलाय बघ कोपऱ्यात.

दादा : आई! लागलाय! बापरे, खरंच लागलाय!

भिंगरी : मोठी अक्षरं बंद कर. पूस सगळं. पुन्हा पहिल्यापासून. आई, तू तिथेच उभी राहा.

आई : आहेच मी. आय.

दादा : आय. टी. एच. ई. एम. आय. पी. ए. आर. ए. टी. वाय. ई. एन. ए...

आई : एकच.

दादा : एकच! आर. झालं. दाबू?

भिंगरी : दाब.

दादा : दाबलं!

भिंगरी : मग? दादा, बोल काहीतरी! आई, काय झालं?

आई : अगं, त्याने मला उचललं! सोड, साडी! सोड मेल्या!

दादा : उघडलं! उघडलं गं भिंगरे! सगळं दिसतंय! किती बटणं आहेत इथे!

भिंगरी : एकाही बटणाला हात लावायचा नाही! डाव्या बाजूला पडद्याचं चित्र आहे, त्यावर टिचकी मार. काय दिसतं?

दादा : काळं. आणि इंग्रजीत काहीतरी. पंखा... पंखा फिरत नाही. पुढे जायचं असेल तर एफ-वन कळ दाबा.

भिंगरी : पंखा! तिसरा पंखा! मी सांगून सांगून थकले, बदलू या म्हणून. तू काय म्हणालास? 'तिथे आधीच इतकं गार आहे, पंखा कशाला?'

दादा : म्हणजे हे सकाळपासून...

भिंगरी : सकाळपासून ते दारात उभं राहून विचारतंय, येऊ का आत. कोणी 'ये' म्हणालं नाही म्हणून तिथेच थांबलंय. बिघडलंबिघडलं काही नाही. दाब कळ.

दादा : दाबली. अरे! भलतंच पान उघडलं. 'आम्ही आपली काय मदत करू?'

भिंगरी : ते तुझ्याच कॉम्प्युटरचं. ती कळ त्यानेच गिळली. बंद कर ते. पडद्याच्या वर छोटा कीबोर्ड काढलेला आहे, त्यातली एफ-वन दाब, माऊसने.

दादा : दाबली. अक्षरं पळायला लागली! हिरवी, पांढरी, भराभर... भिंगरे, उठतंय! उठलं! ओ दिली!

आई : दुसरी घंटा झाली रे.

भिंगरी : हॉलच्या मशीनकडे पाठव प्रत. नेहमीच्या जागी, नेहमीच्या खात्याने. ते तुला येतं.

दादा : पाठवली. अर्धी गेली. आणखी... गेली! हॉलमधून निरोप आलाय, मिळाली म्हणतात. आवाज आहे म्हणतात! आई, म्हातारी बोलली म्हणतात!

आई : बोलणारच. मी निघते आता. भिंगरे, एक सांगू?

भिंगरी : काय?

आई : ती घंटा आहे ना, ती मला दोन्ही वेळा दोनदा ऐकू आली. एकदा फोनमधून, एकदा खिडकीतून.

दादा : म्हणजे?

आई : म्हणजे मंडई आज चित्रपटगृहात भरलीय. पुढच्या रांगेत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. हिरवी भाजी घेऊन झाली की कोणी येऊन बसलं तरी चालेल. निघाले मी. या पायऱ्या उतरायच्या म्हणजे मी खरीच गोगलगाय.

दादा : ...भिंगरे? तू खाली आहेस?

भिंगरी : तिकीट काढून आलेय. फुकट नाही.

दादा : कुठे बसलीयस?

भिंगरी : बसले कुठे? बाहेर पायऱ्यांवर उभी राहून बोलतेय तुझ्याशी. जागा शेवटच्या रांगेत आहे, दाराजवळ. वाईट निघाला तर गुपचूप निघून जाता यावं म्हणून.

दादा : येणार होतीस म्हणजे तू. फोन केला नसता तरी.

भिंगरी : गोगलगाय शेवटी घरी पोचते की नाही ते बघायचं होतं. त्यावरून किती भांडलो आपण.

दादा : बघ मग. आणि शेवटी नावांच्या पाट्या संपेपर्यंत उठू नकोस. तुझ्या नावापुढे काय लिहायचं ते सुचत नव्हतं, म्हणून ते एकटंच ठेवलंय. आख्ख्या पडद्यावर एकटंच.

भिंगरी : ...कुलूप लाव खोलीला आणि ये लवकर. तिसरी होईल.

दादा : येतो. आणि हा पासवर्ड? तो आता आपण तिघांनी मोठमोठ्याने म्हणून दाखवलाय. बदलायला हवा ना?

भिंगरी : हवाच. नियम म्हणजे नियम. उद्या सकाळी बदलते.

दादा : पण बाहेरून तर होत नाही म्हणालीस. तो या खोलीतूनच बदलावा लागेल.

भिंगरी : माहितीये मला.